मुक्या जिवाचे कुशल

कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठात ३३ वर्षे राहिलेली महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा केंद्रात गेली, तेव्हा गाव रडले. भाविकांची माया निखळ होती. तरीही तज्ज्ञांच्या पाहणीत पायांचे विकार, वाढलेली नखे आणि सतत डोके डोलविण्याची सवय नोंदली गेली होती. हत्तीण कळपात रमणारी. एकाकीपणाचे दुःख ती अशा डोलण्यातून सांगते.

नवी मुंबईतील कुटुंबे मुलांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेतात. तेथे प्राण्याचे केवळ खाद्य पाहू नये. त्याची चाल, सोबत आणि लपण्याची जागाही पाहावी. तो एकाच वाटेवर येरझारा घालतो का, हे मुलांना निरखावयास सांगावे. आपली माया त्या जिवास सुखकर होते का, हे तपासणे हीदेखील जीवदयाच होय.