रक्त स्वतःचे असले तरी मोजणी हवीच



गुडघेदुखीवर ‘तुमच्याच रक्ताचे इंजेक्शन’ देणाऱ्या जाहिराती आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या आहेत. हातातून रक्त काढायचे, यंत्रात फिरवायचे आणि प्लेटलेट एकवटलेला भाग सांध्यात, टाचेत किंवा केस गळणाऱ्या डोक्यात टोचायचा, ही पीआरपी. रक्त स्वतःचेच, मग धोका कसला, असे पेशंटला सांगितले जाते. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केल्यामुळे मला हे अजिबात पटत नाही.

डेंग्यूच्या पेशंटसाठी प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर औषध कायद्याखालचा परवाना लागतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस, मलेरिया यांच्या तपासण्या होतात. पिशवीवर क्रमांक आणि मुदत असते, काही पिशव्या काढून प्लेटलेट मोजल्या जातात, औषध निरीक्षक येऊन नोंदवह्या बघतात. दवाखान्याच्या आतल्या खोलीत त्याच प्लेटलेट वेगळ्या होतात, तेव्हा ही शिस्त कुठे जाते? ज्याचे रक्त त्यालाच द्यायचे, तर सगळा पसारा नको, हे मान्य. पण निर्जंतुक नळी, तिच्यावर पेशंटचे नाव आणि प्लेटलेटची मोजणी, एवढे तरी हवेच.

मोजणीचा आग्रह मी मुद्दाम धरतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. पीआरपीत त्या दहा लाखांच्या आसपास असाव्यात, असे या उपचाराचेच पुरस्कर्ते सांगत आले. यंत्राचा वेग, फिरवण्याचा वेळ, नळीचा प्रकार बदलला की हा आकडा बदलतो. ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या 288 रुग्णांवर झालेला अभ्यास 2021 मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आला. वर्षभरानंतर पीआरपी घेतलेल्यांत आणि नुसते सलाइन टोचलेल्यांत दुखण्याचा म्हणावा असा फरक नव्हता. त्या अभ्यासातल्या पीआरपीत प्लेटलेटच कमी होत्या, असा आक्षेप समर्थकांनी घेतला. आक्षेप रास्त असेल; पण मग आपल्या पेशंटला टोचलेल्या पीआरपीत किती होत्या, हे त्यांनी केसपेपरवर लिहायला नको का? न मोजता हजारो रुपये घेणे ही फसवणूक आहे.

धोक्याचे म्हणाल, तर अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या विनापरवाना स्पामध्ये ‘व्हॅम्पायर फेशियल’ म्हणजे चेहऱ्यावरची पीआरपी घेतलेल्या तीन महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2024 मध्ये जाहीर केले. रक्त स्वतःचे असले तरी सुई दुसऱ्याची असू शकते.

पीआरपीवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. टेनिस एल्बोसारख्या दुखण्यात आराम पडल्याचे सांगणारे पेशंट आहेत आणि जबाबदारीने हे काम करणारे अस्थिरोगतज्ज्ञही आहेत. स्पेनने 2013 मध्ये पीआरपीला औषध मानले. तिथे उपचार थांबला नाही, तयार करण्याची पद्धत मात्र तपासणीखाली आली. आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल यांनी मिळून निदान ब्यूटी पार्लरमधले पीआरपी थांबवावे. गुडघ्याबद्दलचा पुरावा किती कच्चा आहे, हे मराठीत लिहिलेल्या संमतिपत्रात आल्याशिवाय सुई लावू नये. ‘ऑपरेशन टळेल’ अशी हमी देणारे फलक उतरवायला लावावेत.

मोजणीमुळे खर्च वाढेल, अशी तक्रार होईल. रक्तपेशी मोजणारे सीबीसीचे यंत्र आज छोट्या लॅबमध्येही असते. प्लेटलेटची मोजणी तिथे काही मिनिटांत होते आणि तिचा खर्च इंजेक्शनच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

— एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, सांगली