भात्यातला दुसरा बाण

डिसेंबर उजाडला की मोबाइलवर बर्फ पडायला लागतो. कुणीतरी कमरेइतक्या भुसभुशीत बर्फातून तरंगत खाली येतंय, मागे पांढरा फवारा उडतोय आणि पायाखालच्या स्की इतक्या रुंद, की फळ्याच वाटाव्यात. ज्याने गुलमर्गला किंवा औलीला जाऊन स्कीइंगचा कोर्स केलाय, किंवा जी डेन्व्हर, म्युनिकला शिकायला गेलीय आणि तिथल्या सीनियरकडून स्वस्तात एक जोडी घेऊन बसलीय, त्यांच्या डोक्यात मग एकच किडा वळवळतो. एक जोडी तर आहे, आता दुसरी कुठली घ्यायची?

प्रश्न मूठभरांचा आहे, मान्य. पण हे मूठभर तुमच्याच वर्गात बसतात, आणि त्यांच्या खिशातले पैसे शिष्यवृत्तीचे, पार्टटाइम जॉबचे नाहीतर आईबाबांचे असतात. शिवाय इथे चुकीच्या निवडीचा फटका फक्त खिशाला बसत नाही. तो गुडघ्याला बसू शकतो, आणि डोंगर चुकीचा असेल तर त्याहून मोठाही.

स्कीवाले आपल्या जोड्यांच्या संग्रहाला ‘क्विव्हर’ म्हणतात. क्विव्हर म्हणजे बाणांचा भाता. शब्द मोठा नेमका आहे. भात्यात दहा बाण असले आणि दहाही एकाच कामाचे असले तर तो भाता नव्हे, नुसतं ओझं. घरात पोळ्यांचा तवा असताना तुम्ही हौसेने आणखी एक तवा आणलात तर आई पहिला प्रश्न विचारेल, ‘अरे, कढई कुठाय?’ दुसरी स्की घेताना हाच प्रश्न विचारायचा असतो. बहुतेक जण तो विचारत नाहीत. पहिली जोडी आवडली म्हणून तिच्याचसारखी, जरा नवी, जरा रुंद, जरा भारी दिसणारी जोडी घेतात. पहिलीची कंबर ८८ मिलिमीटर आणि दुसरीची ९६. फरक आठ मिलिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटरसुद्धा नाही. मग वर्षभरात दोन्हीपैकी एक जोडी कपाटामागे धूळ खात उभी राहते.

कंबर म्हणजे काय ते आधी बघू, कारण सगळा हिशेब तिच्याभोवती फिरतो. स्की पुढे रुंद, मध्ये अरुंद आणि मागे पुन्हा रुंद असते. मधल्या, म्हणजे बुटाखालच्या अरुंद भागाची रुंदी ती कंबर. ढोबळमानाने पासष्ट ते ऐंशी मिलिमीटर कंबरेची स्की कडक, मशीनने दाबून सपाट केलेल्या उतारासाठी. ऐंशीपासून शंभरपर्यंतची ‘ऑल माउंटन’, म्हणजे सगळं थोडं थोडं करणारी. एकशे पाचच्या पुढची ताज्या, खोल बर्फासाठी. कारण साधं आहे. खोल बर्फात जितकी जास्त जागा पायाखाली, तितके तुम्ही कमी बुडता. कडक बर्फावर मात्र बुडायचा प्रश्नच नसतो. तिथे स्कीची स्टीलची कड बर्फात रुतवून वळायचं असतं. स्की जितकी रुंद, तितकी ती कड पावलाच्या मध्यापासून लांब. मग तिला कलवायला जास्त जोर लागतो, वेळही लागतो, आणि तो जोर गुडघ्यातून जातो. संध्याकाळी गुडघे बोलायला लागतात ते याचमुळे.

कमरेइतकाच दुसरा मुद्दा स्कीच्या वाकाचा. जमिनीवर ठेवल्यावर मध्ये कमानीसारखी उचललेली राहते ती ‘कॅम्बर’ असलेली. तुमचं वजन पडलं की कमान दबते आणि कड पूर्ण लांबीने बर्फ पकडते. याउलट टोकं आधीच वर वळलेली असतील तर ते ‘रॉकर’. होडीच्या नाळेसारखं टोक बर्फाच्या वर राहतं. हल्ली बऱ्याच स्कीमध्ये दोन्हींचा मेळ असतो, आणि कंपन्यांच्या जाहिराती याच मेळाला ‘कुठल्याही बर्फात चालेल’ म्हणून विकतात. कुठल्याही बर्फात चालते, हे खरंय. चप्पलसुद्धा कुठेही चालते. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून हरिश्चंद्रगड चढलेल्याला ‘चालते’ आणि ‘पकडते’ यातला फरक सांगावा लागत नाही.

अतिरंगी रुंद स्कीचा जन्म कसा झाला, तेही मजेशीर आहे. २००२ साली शेन मॅक्कॉन्की या स्कीअरच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीने ‘स्पॅट्युला’ नावाची स्की काढली. मॅक्कॉन्कीचं म्हणणं होतं, खोल बर्फ हा पाण्यासारखा वागतो, मग स्कीसुद्धा पाण्यावरच्या स्कीसारखी का नसावी? म्हणून त्याने सगळंच उलटं केलं. मध्ये रुंद, टोकांना निमुळती, कमानही उलटी. लोक हसले, आणि मग खोल बर्फात तिची करामत बघून गप्प झाले. आजच्या प्रत्येक पावडर स्कीमध्ये तिचा अंश आहे. पण ती घेऊन कडक उतारावर गेलात तर ताटावर बसून घसरल्यासारखं व्हायचं. मॅक्कॉन्कीने एक बाण एका लक्ष्यासाठी घडवला होता. रील बघून तोच बाण रोजच्या वापराला घेणारे आपण.

उलट्या टोकाचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. काश्मीरचा आरिफ खान २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. तो स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशा दोन शर्यतींत उतरला आणि जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला. दोन्ही शर्यती दाबलेल्या कडक बर्फावरच्या, दोन्हींत दारांमधून वळत जायचं. तरी दोन्हींच्या स्की वेगळ्या. नियमानुसार पुरुषांची स्लॅलम स्की किमान १६५ सेंटिमीटरची, तर जायंट स्लॅलमची किमान १९३ सेंटिमीटरची, आणि तिच्या वळणाची त्रिज्या किमान ३० मीटर. एकीत झटपट छोटी वळणं, दुसरीत वेगात मोठी. एकाच प्रकारच्या बर्फावर खेळाडूच्या दोन जोड्यांत इतकं अंतर असतं. मग वेगवेगळ्या बर्फासाठी घेतलेल्या आपल्या दोन जोड्या सख्ख्या बहिणी कशाला हव्यात? आमच्या मते दोघींच्या कंबरेत किमान वीस मिलिमीटरचा फरक असावा. पहिली ८८ असेल तर दुसरी ७०च्या आसपास किंवा ११०च्या आसपास.

यातली नेमकी कुठली, हा खरा प्रश्न. आणि इथेच आमचं मत रीलवाल्यांपेक्षा वेगळं आहे. दुसरी जोडी स्वप्नातल्या दिवसासाठी घेऊ नका. तुमच्या वाट्याला जो बर्फ वारंवार येतो आणि ज्यावर पहिली जोडी तुम्हाला रडवते, त्याच्यासाठी घ्या. मागच्या मोसमात किती दिवस स्की केलं आणि प्रत्येक दिवशी बर्फ कसा होता, एवढं आठवून कागदावर लिहा. दहा दिवसांत गुडघ्याइतका ताजा बर्फ किती दिवस होता? एक? दोन? आणि सकाळी काचेसारखा टणक, दुपारी खिचडीसारखा लगदा, असा किती दिवस होता? बहुतेकांचा कागद त्यांच्या कल्पनेपेक्षा वेगळा निघतो.

अर्थात कागद गावागणिक बदलतो. बोस्टनला शिकणाऱ्या मुलीच्या वाट्याला न्यू इंग्लंडचा बर्फ येतो. अमेरिकेच्या त्या पूर्व किनाऱ्याला स्कीवाले थट्टेने ‘आइस कोस्ट’च म्हणतात. तिच्याकडे ९०ची जोडी असेल तर तिने डोळे मिटून अरुंद, कॅम्बरवाली जोडी घ्यावी आणि तिची कड धारदार ठेवावी. युटा किंवा कोलोरॅडोत असलेल्याचं गणित उलट. तिथला बर्फ कोरडा, हलका आणि ताजा बरेचदा पडणारा. त्याला रुंद जोडी खरोखर कामाला येते. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाचा बर्फ ओला आणि जड, त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात. तिथे नुसती रुंदी पुरत नाही. हलकी, लवचिक स्की त्या गाऱ्यात फेकली जाते, जरा भारदस्त लागते. आणि म्युनिकवाला सुट्टीत आल्प्समध्ये जाणार तो बहुतांशी दाबलेल्या उतारांवर. ‘आल्प्स’ ऐकून त्याने १२०ची घेतली तर ते मुंबईच्या लोकलसाठी ट्रॅक्टर घेतल्यासारखं आहे.

मग आपलं गुलमर्ग? तिथला बर्फ मनस्वी आहे. तो येतो पश्चिमी विक्षोभांबरोबर, आणि विक्षोभ कुणाच्या बुकिंगप्रमाणे येत नाहीत. चिल्ले कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे काश्मीरमधले कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. बर्फाची खात्री असावी ती याच दिवसांत. पण २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार तपकिरी पडले होते. बर्फ आला तो मोसम अर्धा सरल्यावर. पुढच्या वर्षी, २०२५मध्ये, ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत ठरला होता. बर्फ पुरेसा नाही म्हणून तो पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये झाला. मार्चचा बर्फ म्हणजे पुन्हा निराळं प्रकरण. दिवसा वितळून रात्री गोठला की त्याचे साबुदाण्यासारखे दाणे होतात. सकाळी कडक, अकराच्या सुमाराला वरचा थर सुटला की स्कीला लोण्यासारखा, दुपारी चिखल. एका दिवसात तीन बर्फ! अशा ठिकाणी नव्वद ते शंभरमधली एक बरी जोडी बराच काळ साथ देते, आणि तिच्या जोडीला एकशे दहाची घ्यायची की नाही, हे गोंडोलाच्या कुठल्या टप्प्यावर तुम्ही उतरता त्यावर ठरतं.

हा टप्प्याचा मुद्दा नीट वाचा. गुलमर्गचा रोपवे पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला नेतो, दुसऱ्यात थेट अफरवटच्या धारेवर, जवळजवळ चार हजार मीटरवर. वर युरोपातल्यासारखे दाबलेले, खांब रोवून आखलेले रस्ते नाहीत. मोकळा डोंगर आहे. २०२३च्या फेब्रुवारीत अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. २०२४च्या फेब्रुवारीत खिलनमर्गला आणखी एका स्खलनात एक रशियन. रुंद स्कीची गंमत अशी, की ती खोल बर्फ सोपा करते. ज्या उतारावर अरुंद स्कीने तुम्ही दहा वेळा पडला असता, कंटाळून परत फिरला असता, तिथे ती तुम्हाला सहज नेते. कौशल्य वाढलं असं वाटतं, पण डोंगर वाचायची अक्कल तिच्याबरोबर खोक्यातून येत नाही. त्यामुळे पावडर स्की घ्यायचीच असेल, तर त्या खरेदीची यादी ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं आणि ते वापरायचं प्रशिक्षण यांपासून सुरू व्हायला हवी. बर्फाखाली गाडलेल्या माणसाकडे पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात, त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. तेवढ्यात बाहेरून मदत येत नाही, सोबतच्या मित्रालाच खणावं लागतं. त्याच्याकडे फावडं नसेल तर तुमची ११२ची स्की काय कामाची? पैसे एवढ्याला पुरत नसतील तर दुसरी जोडी थांबू शकते. हा आमचा सल्ला नाही, आग्रह आहे.

आता राहिले पुण्या-मुंबईत राहून वर्षातून एकदा बर्फावर जाणारे. त्यांना आमचं उत्तर कदाचित आवडणार नाही. तुम्ही दुसरी जोडी घेऊच नका. बाइंडिंगसकट एक जोडी पाच-सहा किलोची, बूट चारेक किलोचे. साध्या विमान तिकिटावर सामान बहुतेकदा १५ किलो. दोन जोड्या, बूट आणि कपडे घेऊन श्रीनगरला उतरायचं म्हणजे जादा सामानाच्या पैशात तिथे स्की भाड्याने मिळाली असती. ताजा बर्फ पडला तर रुंद जोडी त्या दिवसापुरती भाड्याने घ्या, नाही पडला तर आपली आहेच. त्यापेक्षा खर्च करायचाच असेल तर बुटांवर करा. भाड्याचे बूट आधीच्या शंभर पायांचे आकार घेऊन बसलेले असतात, आणि ढिल्या बुटात पाय हलला की उत्तमातली उत्तम स्कीसुद्धा तुमचं ऐकत नाही. आपल्या पायाला बेतलेले बूट भाड्याच्या बऱ्याच जोड्यांवर चढतात.

‘बऱ्याच’ म्हटलं, ‘सगळ्या’ नाही. बुटाच्या तळव्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. साध्या अल्पाइन बुटाचा तळवा वेगळा, चढून जाण्याच्या टूरिंग बुटाचा वेगळा, आणि प्रत्येक बाइंडिंग प्रत्येक तळवा नीट सोडत नाही. पडल्यावर बाइंडिंगने बूट सोडायलाच हवा, नाहीतर स्कीबरोबर पाय पिळतो. म्हणून वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी सांगून सुटण्याचा आकडा दुकानातल्या जाणत्याकडूनच लावून घ्या. मित्राने यूट्यूब बघून स्क्रूड्रायव्हरने फिरवून दिलेला आकडा घेऊन डोंगरावर जाऊ नका.

परदेशात असाल तर मार्च-एप्रिलमध्ये दुकानं भाड्याच्या जुन्या जोड्या विकायला काढतात. दुसरी जोडी घ्यायला याहून बरी वेळ नाही. स्की उलटी करून तळ बघा. ओरखडे चालतील, पण आतला गाभा दिसेल इतका खोल खड्डा नको. कडेवरून बोट फिरवा, स्टील कुठे तुटलं किंवा उचकटलं असेल तर लगेच कळतं. दोन्ही स्की तळाला तळ लावून दाबा आणि थर सुटलेत का ते बाजूने बघा. बाइंडिंगचे ब्रेक कंबरेपेक्षा किंचितच रुंद हवेत, फार रुंद असले तर वळताना बर्फात अडकतात. बाइंडिंगसाठी किती वेळा भोकं पाडलीत तेही विचारा, चाळणी झालेल्या स्कीत नवा स्क्रू धरत नाही. आणि बाइंडिंग किती जुनं आहे ते विचाराच. कंपनीने जबाबदारी काढून घेतलेलं जुनं मॉडेल असलं, तर बरेच दुकानदार त्याला हातच लावत नाहीत, आणि मग स्वस्तात मिळालेल्या जोडीवर नवं बाइंडिंग बसवायचा खर्च जोडीच्या किमतीपेक्षा जास्त निघतो.