पैशाचं सोंग

'सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही,' असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणत. ती माणसं अमेरिकेत आली नव्हती. मी आलोय. न्यू जर्सीत लेकीकडे मुक्काम आहे, आणि इथे ऑक्टोबर उजाडला की दुकानोदुकानी पैशाचीच सोंगं हारीनं टांगलेली दिसतात. चेटकीण, सांगाडा, राजकन्या, स्पायडरमॅन. माप लहान, मध्यम आणि मोठं. भूतसुद्धा घरी धुता येतं!

हे सगळं ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनसाठी. त्या संध्याकाळी पोरंटोरं सोंगं घेऊन दारोदार जातात, 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणून ओरडतात आणि गोळ्या-चॉकलेटांनी पिशव्या भरून आणतात. आपल्या कोकणातला शिमग्याचा संकासूरही घरोघर फिरतोच की! तेव्हा सणाचं आणि माझं काही वाकडं नाही. भांडण आहे ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून येणाऱ्या तयार सोंगाशी.

या सोंगात स्नायूसुद्धा स्पंजाचे, आतून शिवलेले. म्हणजे जोरबैठकांचीही कटकट नाही. एका गल्लीत असे चार स्पायडरमॅन भेटतात आणि आया आपापला स्पायडरमॅन बुटांवरून ओळखतात. त्यात थंडी. निघताना आई वरून जाड कोट चढवते. डॉलर मोजून आणलेले स्नायू कोटाखाली गडप!

"पण बाबा, वेळ कुठंय?" लेक म्हणते. बरं. दुकानापर्यंत गाडी, मग पार्किंग, मग रांग, आणि माप आखूड निघालं की पुन्हा तीच वारी. एक रविवार गेला. तेवढ्या वेळात पुठ्ठ्याच्या खोक्याचा यंत्रमानव होतो. डोक्याला एक आणि हातांना दोन भोकं मोठ्यांनी पाडावीत. पुढचं सगळं पोरांवर सोपवावं. स्वयंपाकघरातला चंदेरी कागद वर गुंडाळायचा आणि बाटल्यांची झाकणं चिकटवली की झाली बटणं. जुनी चादर असेल तर भूत फुकटात पडतं. फक्त ती घोट्याच्या वर कापा, नाहीतर भूतही पडतं. आणि मुखवट्यापेक्षा तोंडाला रंग बरा. अंधारात समोरची गाडी दिसायला हवी.

असलं सोंग बावळट दिसतं, कबूल. पण स्पीलबर्गच्या १९८२ सालच्या 'ई.टी.'मध्ये मुलांनी परग्रहावरच्या पाहुण्याला हॅलोवीनच्या दिवशी बाहेर नेलं, ते चादरीचं भूत करूनच. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला जी चादर चालली, ती आमच्या पाच वर्षांच्या नातवाला का चालू नये?

प्रश्न नुसत्या डॉलरांचा असता तर मी गप्प बसलो असतो. विकतच्या सोंगाची शिवण उसवली की पोर भोकाड पसरतं आणि 'नवीन आणा' म्हणतं. यंत्रमानवाचं बटण निखळलं की तेच पोर डिंकाची बाटली शोधायला लागतं. मोडलं तर दुरुस्त करता येतं, हे त्याला कळायचं वय हेच. शिवाय त्या निमित्तानं आईबाप फोन बाजूला ठेवून तासभर जमिनीवर मांडी घालून बसतात. अशी सोय कुठल्या दुकानात, कुठल्या मापात मिळते?

हे वाचून पुण्या-मुंबईच्या मंडळींनी अमेरिकेला हसू नये. कोपरापर्यंत चिखल माखून अंगणात दिवाळीचा किल्ला करायचा, तो किल्लाही आता तयार मिळतो. बुरूज रंगवलेले. रिक्षात घालून आणायचा आणि ठेवायचा. एकाही मावळ्याला घाम न फुटता गड ताब्यात!

उद्या इतिहासाच्या तासाला 'महाराजांनी तोरणा घेतला' असं गुरुजींनी सांगितलं आणि एखाद्या पोरानं 'केवढ्याला?' असं विचारलं, तर कृपा करून त्या पोराला रागावू नका.