शब्दाचा अर्थ आणि शब्दाचे वजन

इंग्रजीचे समानार्थी शब्द पाठ करताना मुले म्हणतात, “अर्थ एकच, कोणताही लिहा.” आम्हाला हे पटत नाही.

आमच्या सेवाग्रामचेच पाहा. गावाचे जुने नाव सेगाव. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी गल्लत होऊन टपाल चुके, म्हणून १९४० साली नाव बदलले. एका अक्षराने पत्र चुकते, मग चुकीच्या शब्दाने काय होईल?

आता आपल्याच समाजाला लावलेले इंग्रजी शब्द घ्या. ‘डिप्रेस्ड’ म्हणजे दबलेला. यात दाबणारा कुठे दिसत नाही. ‘सप्रेस्ड’ म्हणजे दडपलेला. इथे दडपणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो. दोन्हींचे अर्थ जवळजवळचे, पण वजन वेगळे. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव अपमानास्पद आहे, ते बदला, अशी मागणी बाबासाहेबांनी १९३१ साली गोलमेज परिषदेला दिलेल्या निवेदनात केली होती. पुढे १९३५ च्या कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट’ आले. ‘शेड्यूल’ म्हणजे अनुसूची, यादी. या शब्दात दया नाही, कायद्यातली नोंद आहे. नोंद असली की हक्क मागता येतो.

‘हरिजन’ शब्दाचेही तसेच. अर्थ गोड, देवाची माणसे. मग बाकीचे कोणाची? १९३८ साली मुंबई विधानसभेत हा शब्द कायद्यात घालण्यास बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला आणि सभात्याग केला. १९८२ साली केंद्र सरकारनेही जातीच्या दाखल्यावर हा शब्द लिहू नये, असे कळविले.

आम्ही कारकुनी करतो. जुन्या वळणाच्या इंग्रजी अर्जांची सुरुवात ‘आय बेग टू स्टेट’ अशी असे. ‘बेग’ म्हणजे भीक मागणे. साहेबी रिवाजात ती नम्रता झाली, पण मूळ अर्थ पुसला गेला नाही. ‘रिक्वेस्ट’ म्हणजे विनंती. समोरचा नाही म्हणू शकतो. ‘क्लेम’ म्हणजे आपले आहे ते मागणे. नाकारायचे तर कारण द्यावे लागते. शिष्यवृत्ती नियमाने मिळते, तेव्हा तिच्या अर्जात ‘बेग’ कशाला? नम्रतेला ‘प्लीज’ पुरे.

म्हणून आई-बाबांनो, मुलांना शब्दकोश घेऊन द्या. नवा शब्द आला की तीन गोष्टी विचारा : अर्थ काय, तो कोण कोणाला म्हणतो, आणि तो वाक्यात कसा बसतो? तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी हे विचारता येते. उत्तर मुलांना शोधू द्या.