यंत्राचा डोळा आणि चित्रकाराची दृष्टी

शतकानुशतके चित्रकार भूमीवर उभा राहूनच सृष्टीचे सौंदर्य पाहत आला. पुढे शेत, त्यापलीकडे डोंगर आणि वर आकाश, अशी त्याच्या निसर्गचित्राची मांडणी असे. विज्ञानाने मनुष्याला उंचावर नेले आणि ही मांडणी पालटू लागली. १८५८ साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने बलूनमधून पॅरिसजवळच्या भूमीचे छायाचित्र घेतले. पुढे विमाने आली. विमानातून पाहिलेल्या दृश्यावरून जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्त्रीने १९६५ साली ढगांचे सुमारे २४ फूट रुंदीचे भव्य चित्र रंगविले. एरवी माथ्यावर असणारे ढग त्या चित्रात पाहणाऱ्याच्या खाली दूरवर पसरलेले आहेत. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ या यानातून विल्यम अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी छायाचित्रात टिपली. जिच्यावर उभे राहून चित्रे काढावयाची, ती पृथ्वीच आता चित्राचा विषय झाली.

यंत्र इतके दाखवू लागल्यावर चित्रकाराचे प्रयोजन काय उरले, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर दोन अंतराळवीरांनीच आपल्या कृतीने दिले आहे. १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर अंतराळात पाऊल टाकणारे पहिले मानव अलेक्सेई लिओनोव्ह यांनी त्याच प्रवासात रंगीत पेन्सिलींनी सूर्योदयाचे चित्र काढले. यानात कॅमेरा असतानाही त्यांच्या हाताला पेन्सिल हवीशी वाटली. १९६९ साली चंद्रावर उतरलेले अ‍ॅलन बीन यांनी १९८१ साली अंतराळसंस्थेतील काम सोडून चित्रकलेला वाहून घेतले. चंद्राची भूमी करड्या रंगाची. पण त्यांच्या चित्रांत तिच्यावर अनेक रंगछटा खेळतात. कॅमेऱ्याने चंद्राची माती टिपली. चंद्रावर उभ्या असलेल्या मनुष्याचे मन चित्रकाराने दाखविले.

फार काय, उपग्रहाच्या चित्रातही मनुष्याची निवड असतेच. हिरवी वनस्पती डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. शास्त्रज्ञ त्या किरणांना बहुधा तांबडा रंग देतात. म्हणून अशा चित्रांत हिरवीगार शेते तांबडी दिसतात. पाहणे म्हणजे निवडणे, हा नियम यंत्रालाही चुकलेला नाही.

तेव्हा यंत्राने दिलेली उंची कलावंताने आनंदाने स्वीकारावी. मात्र एक गोष्ट त्याने विसरू नये. उंचावरून शेतांचे चौकोन दिसतात; बांधावर विसावलेला शेतकरी दिसत नाही. नदीची रेषा दिसते. घाटावर पाण्याला आलेली माणसे दिसत नाहीत. समग्र पृथ्वीचे दर्शन घेऊन जो पुन्हा भूमीवर येतो आणि त्या रेषांत व चौकोनांत माणसांचे जीवन ओळखतो, त्याच्याच चित्रात विज्ञानाची विशालता आणि कलेची आत्मीयता एकत्र नांदतात.