बदनाम गोळीची बाजू

‘बीपीची गोळी लागली की जन्माची लागते, आणि शेवटी किडनी घालवते.’ दवाखान्याच्या बाकावर हे हमखास ऐकू येतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. शेजारचे काका दहा वर्षं गोळी घेत होते आणि तरी डायलिसिसवर गेले, हे त्याने पाहिलेलं असतं. पाहिलेलं खरं; काढलेला निष्कर्ष चूक.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. वाढलेला दाब त्यांच्या रक्तवाहिन्या कडक करतो, गाळण्यांतून प्रथिनं झिरपू लागतात, आणि दुखावलेलं मूत्रपिंड दाब आणखी चढवतं. इकडे त्याच दाबाशी झुंजताना हृदयाची भिंत जाड होते. यातलं बरंचसं काही न दुखता घडतं. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हा बीपी नसल्याचा पुरावा ठरत नाही.

मग गोळी काय करते? अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाले. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ७३ जणांना खरी औषधं, ७० जणांना औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. गंभीर गुंतागुंती झाल्या औषधवाल्यांत २, दुसऱ्या गटात २७.

‘हा सगळा कंपन्यांचा धंदा,’ असा पुढचा आक्षेप. त्याला उत्तर चेन्नईने दिलं आहे. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातून चेन्नईच्या अपोलो रुग्णालयात गेलेले मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांनी किडनी हेल्प ट्रस्टतर्फे शहराजवळच्या खेड्यांत काम उभं केलं. गावच्याच कार्यकर्त्या घरोघर जाऊन बीपी मोजत, लघवीत प्रथिनं आणि साखर आहे का ते साध्या रसायनांनी तपासत. औषधं कोणती? रेसर्पिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलाझिन. १९६७च्या चाचणीतलीच जुनी, स्वस्त तिन्ही. रेसर्पिन तर आपल्या सर्पगंधा या वनस्पतीतलं. तिच्या बीपीवरच्या गुणाकडे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली जगाचं लक्ष वेधलं होतं. २००३ साली मणींनी मांडलेला हिशेब असा: खर्च लोकसंख्येतल्या माणशी वर्षाला अमेरिकी २७ सेंट, आणि बीपीच्या ९६ टक्के रुग्णांचा दाब आटोक्यात. यात कोणत्या कंपनीची तिजोरी भरली?

गोळ्या निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. रेसर्पिनने काहींचं मन खिन्न होतं. काही नव्या औषधांनी सुरुवातीला रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचं माप, थोडं चढतं. २०१५च्या ‘स्प्रिंट’ चाचणीत वरचा दाब १२०च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या गंभीर घटना सुमारे एक चतुर्थांशाने घटल्या. मात्र मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण वाढलं. पण यातून निघतं ते एवढंच, की दाब किती उतरवायचा हे माणूस पाहून ठरवावं आणि रक्त-लघवी तपासत राहावं. गोळी फेकून द्यावी, असं यातून निघत नाही.

चेन्नईजवळच्या त्या खेड्यांत गोळीइतकंच मोलाचं होतं ते दारात पुन्हा पुन्हा येणारं माणूस. तेव्हा शेजारच्या काकांचं उदाहरण देण्याआधी एवढं विचारावं: त्या दहा वर्षांत काकांचा दाब किती वेळा मोजला गेला, लघवी किती वेळा तपासली, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी किती महिने बंद होती? किडनी कशाने गेली, ते या उत्तरांत सापडण्याची शक्यता अधिक आहे.