रोग देहाचा, शिक्षा समाजाची

मोहर्लीच्या प्रवेशद्वारावर पहाटेपासून जिप्सींची रांग लागते. ताडोब्यातली प्रत्येक वाघीण इथल्या पोरांना नावानिशी ठाऊक असते. कोणाचे बछडे किती, कोण कुठल्या पाणवठ्यावर बसते, हे ती तोंडपाठ सांगतात. 2023 साली माया वाघीण दिसेनाशी झाली, तेव्हा तिच्या शोधाच्या बातम्या राज्यभर वाचल्या गेल्या. वन्यजीवांची एवढी काळजी वाहणारा समाज पाहून कोणालाही बरं वाटेल. पण याच जंगलाच्या कडेला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत, तोंडाला दुपट्टा गुंडाळून मागच्या खोलीत भिंतीकडे वळून पडलेली माणसं आहेत. त्यांच्या जबड्यातली गाठ डॉक्टरला दिसते. त्यांचं मन मात्र कोणी पाहत नाही.

“कॅन्सर झाला म्हटल्यावर माणूस खचणारच,” असं म्हणून आपण हात झटकतो. हे म्हणणं सोयीचं आहे आणि खोटं आहे. कर्करुग्णांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन केलेले अनेक देशांतले अभ्यास 2011 साली एकत्र तपासले गेले, तेव्हा साधारण सहा रुग्णांमागे एकाला नैराश्याचा आजार आढळला. म्हणजे बाकीचे पाच जण घाबरले असतील, रडले असतील, पण त्या आजारात बुडाले नाहीत. मग सहावा का बुडतो? पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलेलं असणं, न शमलेली वेदना, तरुण वय, गरिबी, एकटेपणा, चेहरा विद्रूप होणं, वाचा जाणं, स्वतःलाच दोषी मानणं, ही त्याची ज्ञात कारणं आहेत. ही यादी पुन्हा एकदा वाचा. यातली निम्मी कारणं गाठीने दिलेली नाहीत, गावाने दिलेली आहेत. म्हणून हा लेख रोगाविरुद्ध नाही, आपल्याविरुद्ध आहे.

पहिला गुन्हा खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारा हा पदार्थ आपल्याकडे पाहुणचार म्हणून पुढे केला जातो. लग्नात तो लागतो, मयतीला लागतो, रोवणीच्या बाईलाही मजुरीबरोबर द्यावा लागतो. पानठेल्यावरून तो आणायला आपण शाळकरी पोराला पिटाळतो. राज्यात 2012 साली गुटखाबंदी आली, पुढे सुगंधित तंबाखूवरही बंदी आली, आणि पानठेले तसेच चालू राहिले. पोलिसाला ते दिसले नाहीत, सरपंचाला दिसले नाहीत, गुरुजींना दिसले नाहीत, कारण त्यांच्याही गालात पुडी होती. मग एके दिवशी कोणाचं तरी तोंड उघडेनासं होतं, गालात न भरणारी जखम होते, आणि काल ज्यांनी त्याला खर्रा दिला तेच आज म्हणतात, “खाल्लं, आता भोगा म्हणावं.” आधीच तो माणूस रात्रभर स्वतःला दोष देत असतो. त्यावर गावाचा हा निकाल आला की त्याच्या खचण्याला दुसरं कारण लागत नाही. विष वाटणाऱ्यांनी विष खाणाऱ्याच्या चारित्र्याचा पंचनामा करावा, हा कुठला न्याय?

दुसरा गुन्हा याहून जुना आहे. घरात कर्करोग आला की रुग्णाचं ताट वेगळं होतं, पेला वेगळा होतो, नातवंडांना हळूच त्याच्यापासून दूर ओढलं जातं. कर्करोग शिवल्याने होत नाही, उष्टं खाल्ल्याने होत नाही, एका अंथरुणावर निजल्याने होत नाही, हे सांगायला आता नव्या शोधाची गरज नाही. तरी विटाळ सुटत नाही. अस्पृश्यता 1950 साली संविधानाने हद्दपार केली आणि आपण तिला रोग्याच्या ताटाशी आणून बसवलं. मुलीचं लग्न मोडेल म्हणून आईची गाठ लपवणारं घर एकटं दोषी नाही. ते लग्न मोडणारी सोयरीक त्याहून दोषी आहे.

बाईच्या वाट्याला तर दुहेरी अंधार येतो. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि पूर्वी कधी तपासणी झाली होती ती जेमतेम 8 टक्क्यांची. तो कर्करोगाचा अभ्यास नव्हता. पण अंगावर काढण्याची शिकवण आपण पोरींना किती खोलवर दिली आहे, याचा तो लेखी पुरावा आहे. स्तनातली गाठ किंवा अंगावरून जाणारं रक्त सांगायला जी बाई वर्ष घालवते, ती “मला जगावंसं वाटत नाही” हे कोणाला आणि कधी सांगणार? आणि नवरा आजारी पडला तर बायको त्याच्या उशाशी बसते. बायको आजारी पडली की तिच्या उशाशी कोण बसतं, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावं.

तिसरा गुन्हा आपण प्रेमाच्या नावाखाली करतो. “त्याले सांगू नका,” एवढं बजावून सगळं घर नाटक करू लागतं. रुग्णाला किरणांच्या यंत्राखाली निजवतात, औषधाने त्याचे केस गळतात, आजूबाजूला त्याच रोगाचे रुग्ण बसलेले असतात, आणि घरचे म्हणतात, तुला साधा फोड झाला आहे. त्याला सगळं कळतं. कळलं आहे हे बोलायची सोय मात्र आपण बंद करून टाकतो. हे खरं की निदानाची बातमी घातक ठरू शकते. स्वीडनमधल्या 2012 सालच्या मोठ्या अभ्यासात निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या बारापटीहून अधिक दिसलं. पण यातून सत्य दडपायचा धडा निघत नाही. सत्य सांगताना जवळ बसायचं, आणि सांगून झाल्यावर उठून जायचं नाही, हा धडा निघतो.

आता सरकारकडे वळू. महात्मा फुल्यांच्या नावाच्या योजनेतून शस्त्रक्रियेचा आणि किरणोपचाराचा खर्च निघतो, हे मान्य. पण तोंडाच्या कर्करोगाला सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस किरणं घ्यावी लागतात. ती मोहर्लीसारख्या गावच्या माणसाने दीडशेएक किलोमीटरवरच्या नागपुरात घ्यायची, तर दोन माणसांची मजुरी बुडते, खोलीचं भाडं लागतं, बैलजोडी विकली जाते. घरावर कर्ज चढताना पाहणारा रुग्ण मनाशी म्हणतो, मी लवकर गेलो तर बरं. लोक याला समजूतदारपणा म्हणतात. हा आजार आहे. वेदनेचंही तेच. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून 2014 साली संसदेने अमली पदार्थांचा कायदा सुधारला, तरी खेड्यातला रुग्ण आजही रात्र रात्र कण्हतो आणि आपण त्याला नामस्मरण सुचवतो. नाम त्याने जरूर घ्यावं, पण आधी गोळी द्या.

मनाच्या औषधाबद्दल तर सगळीकडेच आनंदीआनंद आहे. उपचार मोफत असलेल्या स्कॉटलंडमध्येही 2014 च्या पाहणीत नैराश्य असलेल्या कर्करुग्णांपैकी 73 टक्के लोकांना त्यावर नीट उपचार मिळत नव्हते. “यावर काय इलाज?” असं विचारणाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला तिथलाच प्रयोग वाचावा. त्यात प्रशिक्षित परिचारिकांनी मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्णांशी नियमित बोलणं, औषधांवर लक्ष ठेवणं आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणी सोडवायला शिकवणं एवढं केलं. 62 टक्के रुग्णांचं नैराश्य निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं. नेहमीच्या उपचारांवर ज्यांना सोडून दिलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण 17 टक्के होतं. यात राजवाड्यासारखी इमारत कुठे आली? शिकवलेली माणसं आली आणि त्यांनी काढलेला वेळ आला.

तशी माणसं आपल्याकडे आहेत. आशाताई आहेत, बचत गट आहेत, भजनी मंडळं आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली. चिमूरच्या 1942 च्या उठावाशी जोडलेलं त्यांचं नाव याच मातीतलं आहे. 11 ऑक्टोबर 1968 ला मोझरीत त्यांनी देह ठेवला तो कर्करोगाने, आणि नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला आज त्यांचंच नाव आहे. त्यांच्या नावाने रोज संध्याकाळी एकत्र बसणाऱ्या गावाला, प्रार्थनेतली एक जागा तीन महिन्यांपासून रिकामी आहे हे दिसत नसेल, तर ती प्रार्थना ओठांवरच राहिली.

गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनविरोधी मोहिमेच्या साथीने कितीतरी गावांनी ठराव करून दारू आणि तंबाखूची विक्री बंद पाडली. म्हणजे गावाने मनावर घेतलं तर होतं. तेव्हा ग्रामसभेत हे ठराव मांडा: गावात खर्रा विकला जाणार नाही. कर्करुग्णाचं ताट वेगळं होणार नाही. त्याच्यासोबत नागपूरला जाणाऱ्याची मजुरी गाव भरून देईल. आणि आशाताई दर पंधरवड्याला त्याला दोन प्रश्न विचारेल: कशातच मन लागत नाही असं होतं का? सारखं उदास, निराश वाटतं का? उत्तर ‘हो’ आलं तर त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. तोवर रात्री-अपरात्री बोलायला 14416 हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक त्याच्या उशाशी लिहून ठेवा, आणि त्याला एकटं सोडू नका.

गाठ काढणं डॉक्टरचं काम आहे. दोष, विटाळ, खोटेपणा आणि एकटेपणा काढणं आपलं काम आहे, आणि ते आपण केलेलं नाही. या कामाला फारसा पैसा लागत नाही, म्हणून आपल्याला सबबही उरलेली नाही.